क्रॉसिंगचे हात आणि अंगणातला गुलाब

कपाशीच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये खरं काम दुपार कलल्यावर सुरू होतं. उद्या उमलणारी कळी आज हेरायची. अंगठ्याच्या नखानं तिच्या पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी एका झटक्यात सोलून काढायची, पण आतल्या मादीला ओरखडासुद्धा पडता कामा नये. मग तिच्यावर कागदाची लाल टोपी चढवायची, म्हणजे सकाळी लांबूनही दिसते. दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत नराच्या ओळीतली फुलं तोडून आणायची, टोपी काढायची आणि पराग त्या मादीवर हलकेच फिरवायचे. देठाला दोरा बांधायचा आणि पुढच्या झाडाकडे जायचं. या कामाला सगळे एकच शब्द वापरतात : क्रॉसिंग.

जालना जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेल्या देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या पट्ट्यात हे काम असंख्य बायकांच्या हातवळणी पडलेलं आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि पुढे हे शहर बियाण्याचं गाव म्हणून देशभर माहीत झालं. बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तो बियाण्याच्या कामासाठी. १९७० साली गुजरातेत सी. टी. पटेल यांनी एच-४ हा कपाशीचा पहिला संकरित वाण दिला. तेव्हापासून संकरित कपाशीचं बी तयार करायचं म्हणजे एकेका फुलाला हात लावायचा, हे ठरून गेलं. आता शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटो, ढोबळी मिरची यांचंही बी याच पद्धतीनं घेतात. तिथे नखाऐवजी चिमटा असतो, आणि पराग ठेवायला बोटात एक छोटी अंगठी.

हे इतकं सविस्तर लिहिलं, कारण गुलाबाची नवी जात तयार करण्याची रीत अगदी हीच आहे. युरोपातल्या नामवंत संकरकांच्या काचघरात जे होतं, त्यात हातानं करायचं असं काहीही नाही जे आपल्या प्लॉटवरच्या बाईला येत नाही. आणि तरीही भोकरदन तालुक्यातल्या एखाद्या अंगणात वेगळा गुलाब हवा झाला, तर तो टेंपोतून कलमं विकत फिरणाऱ्याकडून घेतला जातो. हे उलटं आहे. विलक्षण गुलाब जोपासण्याची, टिकवण्याची आणि नवे घडवण्याची जागा म्हणून मला पुण्या-मुंबईच्या गच्चीपेक्षा धावड्यासारखं गाव जास्त योग्य वाटतं. का वाटतं, ते सांगतो.

धावडा भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या कुशीत. डोंगरापलीकडे बुलढाणा जिल्हा. महानुभाव पंथाचं जाळीचा देव हे स्थान याच डोंगराच्या अंगाला. शिवारात मका, कपाशी, सोयाबीन, आणि जीव लावून केलेलं पीक म्हणजे हिरवी मिरची. उन्हाळ्यात मल्चिंग पेपरवर, ठिबकखाली मिरची लावायची आणि पावसाळ्याच्या तोंडाशी तोडा सुरू करायचा, अशी इकडची रीत. पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार त्यावरच उभा आहे. फुलशेतीसाठी मात्र हा भाग कुणी ओळखत नाही. गुलाब म्हटलं की मावळ आठवतं. तिथल्या पॉलिहाउसमधले लांब दांड्याचे लाल गुलाब फेब्रुवारीत परदेशी जातात. ती मोठी मेहनतीची शेती आहे, पण तिथे वेगळेपणाला जागा नसते. हजारो दांड्या एकाच उंचीच्या, एकाच रंगाच्या, पेटीत आठवडाभर टिकणाऱ्या हव्यात. या निवडीत गुलाबाचा वास बहुतेक वेळा मागे पडला.

अंगणाला अशी सक्ती नसते. वेगळेपण म्हणूनच अंगणात जगतं.

मराठवाड्याच्या गावांत अंगणात साधारणपणे दोन-तीन प्रकारचे गुलाब दिसतात. एक गावठी : फिकट गुलाबी, चोळामोळा पाकळ्यांचा, सकाळी तोडला तर संध्याकाळपर्यंत मान टाकणारा, पण वास असा की देवघरात एक फूल ठेवलं तरी पुरे. गुलकंदाला हाच लागतो. दुसरा ग्लॅडिएटर : गर्द लाल, मोठा, शेतकऱ्यांनी उघड्या रानात वर्षानुवर्षं लावलेला. ही अमेरिकेतली १९५५ची जात आहे, पण आपल्याकडे इतकी रुळली की तिला कुणी परकी म्हणत नाही. आणि तिसरा, टेंपोतून आलेला. तांबड्या मातीच्या काळ्या पिशवीतलं, एक टपोरं फूल लागलेलं कलम.

टेंपोतला गुलाब दुसऱ्या वर्षी ‘पलटतो’, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. पिवळा घेतला होता आणि आता झुपक्यानं बारीक गुलाबी फुलं येतात, किंवा फुलंच येत नाहीत, नुसत्या लांब काटेरी फांद्या सुटतात. गुलाब पलटत नाही. कलमात दोन झाडं असतात. खाली रानटी, काटक गुलाबाचा खुंट आणि वर हव्या त्या जातीचा डोळा. उन्हानं किंवा पाणी साचून वरचा भाग मेला की खालचा खुंट जोर धरतो. ज्या जागी डोळा भरलेला असतो तिथे खोडाला गाठ दिसते. त्या गाठीच्या खालून आलेला प्रत्येक फुटवा मुळाशी माती उकरून, ओढून काढायचा. वरून कापला तर तो दुप्पट जोमानं येतो. पानाला पाच पर्णिका म्हणजे चांगला आणि सात म्हणजे रानटी, हा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो खरा नाही. कित्येक उत्तम जातींना सात पर्णिका असतात आणि त्या भरवशावर लोकांनी चांगल्या फांद्या कापून टाकल्या आहेत. गाठ बघावी, पानं मोजू नयेत.

आता वेगळेपणाच्या नावाखाली जे विकलं जातं त्याबद्दल. मोबाईलवर निळ्या, काळ्या, सातरंगी गुलाबाच्या बियांच्या पुड्या मिळतात. शंभर-दोनशे रुपयांची गोष्ट म्हणून लोक मागवतात, मुलं रोज पाणी घालतात आणि उगवतं ते गवत किंवा काहीच नाही. हे स्पष्ट लिहायला हवं : निळा गुलाब कुठल्याही पुडीतून उगवणार नाही. निळ्या रंगासाठी जे रंगद्रव्य लागतं, डेल्फिनिडीन, ते तयार करणारं विकर गुलाबाच्या अख्ख्या कुळात नाही. त्यामुळे कितीही क्रॉसिंग केलं तरी निळा रंग येऊ शकत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीनं पॅन्सीच्या फुलातलं जनुक गुलाबात घालून २००४ साली तसा गुलाब जाहीर केला आणि २००९ साली बाजारात आणला. तोही डोळ्यांना जांभळटच दिसतो. जर्मनीच्या टांटाऊ यांचा ‘ब्लू मून’ हा १९६४च्या सुमाराचा गुलाब नावानं निळा आहे, रंगानं फिकट जांभळा. तो सुंदर आहे, सुगंधी आहे आणि जरूर लावावा, पण निळा समजून लावू नये. काळा म्हणून जो दाखवतात तो गर्द लाल असतो. थंडीत कळीच्या टोकाला मखमली काळपट झाक येते, उन्हाळ्यात तेच फूल लाल होतं. सातरंगी गुलाब तर पांढऱ्या फुलाचा दांडा उभा चिरून वेगवेगळ्या रंगाच्या पाण्यात ठेवून केलेला असतो.

त्याहून मोठी गोष्ट अशी की आजच्या गुलाबाचं बी कधीही आईसारखं झाड देत नाही. कपाशीचं संकरित बी दुसऱ्या वर्षी घरचं पेरलं तर काय होतं, ते इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. गुलाबाचं तसंच आहे, किंबहुना जास्त. म्हणून जात टिकवायची तर फांदी लावायची किंवा डोळा भरायचा. बी पेरायचं ते फक्त नवं काहीतरी हवं असेल तेव्हा.

मग खरोखर वेगळे गुलाब कोणते? माझ्या यादीत पहिला हिरवा गुलाब. चिनी गुलाबाचा हा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून रोपवाटिकांत आहे. त्याला पाकळ्याच नसतात. पाकळ्यांच्या जागी हिरव्या, दातेरी, पानांसारख्या दलांचा गुच्छ येतो, आणि जुना झाला की त्याच्यावर तांबूस छटा चढते. पुंकेसर नाहीत, बीजकोश नाही, त्यामुळे त्याला कधी फळ धरत नाही. जगात आज जिथे जिथे हिरवा गुलाब आहे तिथे तो कुणीतरी कुणालातरी दिलेल्या फांदीतूनच पोचलेला आहे. बोटांनी चुरगळला तर मिऱ्यासारखा वास येतो. तिखटाच्या या मुलखात त्याला घर मिळायला हवं. शिवाय तो काटक आहे, रोग कमी, आणि फूल पंधरा-पंधरा दिवस झाडावर तसंच राहतं.

हिरवा गुलाब ज्याच्यापासून निघाला असं मानतात तो ‘ओल्ड ब्लश’ही लावण्याजोगा आहे. तो १७९३ साली इंग्लंडात फुलल्याची नोंद आहे. युरोपातले बहुतेक जुने गुलाब वर्षातून एकदाच फुलायचे, पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण या चिनी गुलाबांनी दिला. आज आपण बारमाही फुलं तोडतो ती त्यांच्या कृपेनं. तसाच पिवळा रंग. पूर्वीच्या बागेतल्या मोठ्या गुलाबांत गर्द पिवळा नव्हताच. फ्रान्सच्या लियों शहरात पेर्ने-ड्युशे यांनी इराणकडच्या पिवळ्या गुलाबाशी संकर करून १९०० साली ‘सोलेई दोर’ आणला, तेव्हा तो आला. त्याच्याबरोबर पानांवर काळे ठिपके पडण्याचा रोगही वारशानं आला, असं जाणकार मानतात. पिवळे गुलाब पावसाळ्यात पानं का गाळतात, याचं कारण इतकं जुनं आहे.

दुरंगी फुलांत ‘डबल डिलाइट’ हा १९७७चा गुलाब मला सगळ्यात आवडतो. कळी मलईच्या रंगाची असते आणि ऊन जसजसं लागेल तसतशी कडेकडून लाल होत जाते. सावलीत तो फिकाच राहतो. जालन्याच्या उन्हात हा खेळ एका दिवसात बघायला मिळतो : सकाळी नुसती लाल किनार, संध्याकाळी अर्धं फूल लाल. आणि वास भरपूर.

आपल्या देशात घडलेले गुलाब मात्र आपल्याच अंगणात सर्वांत कमी दिसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं १९७० साली ‘मोहिनी’ दिला. तपकिरी, चॉकलेटी झाकेची फुलं झुपक्यानं येतात आणि तसा रंग दुसऱ्या फुलात क्वचितच सापडतो. ‘अभिसारिका’ आणि ‘मदहोश’ या पट्टेदार जातीही तिथल्याच. ‘अभिसारिका’ ‘किस ऑफ फायर’ या जातीच्या डोळ्यांवर गॅमा किरण सोडून मिळाली, तर ‘मदहोश’ ‘गुलजार’ या जातीवर रसायनाची प्रक्रिया करून. हे सगळं उभं राहिलं त्यामागे डॉ. बेंजामिन पिअरी पाल होते. गव्हाच्या तांबेऱ्याशी आयुष्यभर झुंजलेला हा शास्त्रज्ञ, एनपी ८०९ हा गहू देणारा, १९६५ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा पहिला महासंचालक झाला. कामातून उरलेला वेळ त्यांनी गुलाबाला दिला. ‘रोज शरबत’, ‘दिल्ली प्रिन्सेस’, पांढराशुभ्र ‘डॉ. होमी भाभा’ या त्यांच्या जाती. ‘रोज शरबत’ नावाप्रमाणे सरबताला योग्य इतका सुगंधी आहे. गव्हाचा माणूस गुलाबाकडे वळला यात नवल नाही. फूल खच्ची करणं, पराग टाकणं, पिढ्यांची निवड करणं ही दोन्हीकडे एकच विद्या.

अशा जाती हाती लागल्या की त्या वाढवायच्या कशा, हे जरा निगुतीनं सांगतो, कारण गाव बदलतं ते इथे.

जून-जुलैत रानटी गुलाबाच्या पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर काड्या लावून खुंट तयार करायचे. डिसेंबर ते फेब्रुवारी हा डोळे भरण्याचा काळ. ज्या फांदीवरचं फूल नुकतंच गळलं आहे ती डोळ्यांसाठी घ्यायची. फांदी पक्व आहे की नाही हे काट्यावरून कळतं : बोटानं आडवा ढकलला की काटा ‘टक्’ करून स्वच्छ निघाला पाहिजे. साल घेऊन निघाला तर फांदी कोवळी आहे, निघतच नसेल तर जून झाली. पान कापून त्याचं देठ तेवढं ठेवायचं, धरायला मूठ म्हणून. मग ढालीच्या आकाराचा, इंचभर सालीचा तुकडा डोळ्यासह काढायचा. खुंटाच्या सालीला जमिनीपासून चार बोटांवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर द्यायची, साल दोन्हीकडून उचलायची आणि डोळा वरून खाली सरकवायचा. खुंटात रस असेल तर साल ओल्या कागदासारखी सुटते. आदल्या दिवशी खुंटाला पाणी द्यायचं ते त्यासाठी. पॉलिथिनच्या पट्टीनं घट्ट बांधायचं, डोळा मात्र उघडा.

तीन आठवड्यांनी ठेवलेल्या देठाला बोट लावून बघायचं. नुसत्या स्पर्शानं गळून पडलं तर डोळा जिवंत आहे. काळं पडून चिकटून राहिलं असेल तर तो गेला. चिरेच्या दुसऱ्या बाजूला नवा भरायचा. डोळा फुटून चांगला वाढला की खुंटाचा वरचा भाग कापून टाकायचा. शिकायला एक हिवाळा पुरतो. ज्या हाताला मिरचीच्या इवल्याशा कळीतून पुंकेसर काढता येतात त्याला तर त्याहून कमी.

हे आलं की ‘काकू, तुमच्या त्या पिवळ्याची एक फांदी द्या ना’ या मागणीला वेगळं वजन येतं. माहेरी गेलेली सून ओल्या फडक्यात गुंडाळून फांदी आणते. एका वीतभर फांदीवर चार-पाच डोळे असतात, म्हणजे चार-पाच झाडं. गुलाबाच्या जाती खेड्यात अशाच पसरल्या. गावठी गुलाब कुठल्या रोपवाटिकेनं पसरवला नाही.

काही अडचणी या मुलखाच्या खास आहेत. पहिली मातीची. काळी, चुनखडीची माती आणि बोअरचं जड पाणी, यामुळे गुलाबाची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक पाणी वाढवतात, युरिया टाकतात, आणि दुखणं वाढतं. ही लोहाची कमतरता असते. लोह मातीत आहे, पण चुन्यामुळे झाडाला घेता येत नाही. चिलेटेड लोहाची फवारणी, भरपूर शेणखत आणि निचऱ्यासाठी डोंगराकडची मुरमाड माती मिसळणं, हा मार्ग. काळ्या मातीत खड्डा करून लावण्यापेक्षा वरंब्यावर किंवा मोठ्या डब्यात लावलेला गुलाब इथे जास्त सुखी असतो. खारपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात माती दाखवून घ्यावी, म्हणजे अंदाजानं काही करायला नको.

दुसरी अडचण मिरचीची. मिरचीवर बोकड्या आणणारे फुलकिडे आणि गुलाबाच्या कळ्या करपवणारे फुलकिडे यांतली एक मुख्य जात एकच आहे. शिवारात मिरचीचे तोडे संपत आले, झाडं जून झाली की ते अंगणातल्या गुलाबावर येतात. कळी उमलता उमलत नाही, पाकळ्यांच्या कडा तपकिरी होतात, कोवळी पानं वाकडी होतात. घरच्या गुलाबावर मिरचीची कडक औषधं मारण्याचा मोह होतो, तो टाळा. त्या फुलांना घरातली मुलं नाक लावतात, त्याच पाकळ्यांचा गुलकंद होतो. निळे चिकट सापळे, लिंबोळी अर्क, करपलेल्या कळ्या खुडून पुरणं आणि सकाळी पानांवर जोरात पाण्याचा फवारा, इतकं दर आठवड्याला न चुकता केलं तर पुरतं. उन्हाळ्यात लाल कोळ्यालाही पाण्याचा फवाराच मानवत नाही.

छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यावर. कापाला लगेच बोर्डो पेस्ट लावायची, नाहीतर फांदी शेंड्याकडून वाळत खाली येते. पुढे सहा-सात आठवड्यांत बहर. एप्रिल-मेमध्ये छाटणी नको, खत नको. बुंध्याशी सोयाबीनच्या कुटाराचं जाड आच्छादन आणि डोक्यावर हिरव्या जाळीची सावली, एवढ्यावर झाडाला विसावू द्यावं. मिरचीच्या प्लॉटमधली उरलेली ठिबकची नळी अंगणात आणली तर पाणीही मोजकं लागतं.

पण हे सगळं करूनही काही गुलाब मे महिन्यात जातातच. त्यात गुलाबाचा दोष नाही, आपला तर नाहीच. बाजारातले बहुतेक गुलाब थंड देशांत, थंड देशांसाठी निवडले गेले आहेत. ज्यांनी त्यांना घडवलं त्यांनी बेचाळीस अंशांचं ऊन कधी त्यांच्यावर पाहिलं नाही. कोडाईकॅनलचे एम. एस. विराराघवन यांनी हा विचार आपल्याकडे सर्वांत नेटानं लावून धरला. आंध्र प्रदेशात आयएएस अधिकारी असलेल्या या माणसानं १९८० साली नोकरी सोडली आणि पत्नी गिरिजा यांच्यासह गुलाबाला वाहून घेतलं. उष्ण देशाला त्याचे स्वतःचे गुलाब हवेत, हा त्यांचा आग्रह. त्यासाठी त्यांनी भारतातल्याच दोन रानगुलाबांना हाताशी धरलं. एक ‘रोझा क्लायनोफायला’, बंगाल-बिहारकडच्या पाणथळ जागी वाढणारा, उकाडा सोसणारा. दुसरा मणिपूरच्या डोंगरातला ‘रोझा जायगँटिया’, जॉर्ज वॉट यांना १८८२ साली सापडलेला. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माल यांच्या नावाचा गुलाब विराराघवन दांपत्यानंच दिला.

मराठवाड्यासाठी असं काम कुणी केलेलं मला दिसत नाही. ते विद्यापीठानंच करायला हवं असंही नाही. ते अंगणात होऊ शकतं, आणि रीत अशी.

ऑक्टोबरच्या छाटणीनंतरच्या पहिल्या बहरात, म्हणजे डिसेंबरात, मादी म्हणून एक निरोगी, फळ धरणारं झाड निवडायचं. ज्या झाडावर गळलेल्या फुलांच्या मागे हिरवी गोटी राहते आणि फुगते, ते झाड फळ धरतं. अर्धी उमललेली कळी सकाळी घ्यायची, सगळ्या पाकळ्या काढायच्या, चिमट्यानं पिवळे परागकोश एकूण एक उचलायचे. फूल पूर्ण उमललं असेल तर उशीर झाला, तिथे आपलेच पराग पडलेले असतात. नर म्हणून दुसऱ्या झाडाचे परागकोश त्याच दिवशी बशीत काढून सावलीत ठेवायचे, रात्रीतून ते फुटतात आणि बशीत पिवळी धूळ पडते. दुसऱ्या दिवशी मादीची टोकं चिकट झाली की बोटानं ती धूळ लावायची. दोरा बांधायचा, चिठ्ठीवर मादीचं नाव आधी, नराचं नंतर, तारीख. इथवर मिरचीच्या प्लॉटपेक्षा काही वेगळं नाही.

पुढे धीर लागतो. फळ पिकायला साधारण चार महिने. एप्रिलमध्ये ते नारिंगी होतं तेव्हा काढायचं. आत पाचपासून वीस-पंचवीसपर्यंत टणक बिया. गुलाबाच्या बीला हिवाळा पाहिल्याशिवाय जाग येत नाही आणि आपला हिवाळा तिला पुरत नाही. म्हणून ओल्या कागदात गुंडाळून, डबीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात दोन महिने तरी ठेवायच्या. बर्फाच्या कप्प्यात नव्हे. ऑक्टोबरात हवा निवली की पेरायच्या. सगळ्या उगवणार नाहीत, थोड्याच उगवतील. पण बारमाही जातींची रोपं वीतभर व्हायच्या आत पहिली कळी दाखवतात, आणि जे फूल तिथे उमलतं ते त्याआधी जगात कुठेही उमललेलं नसतं.

त्या पहिल्या फुलावर निकाल देऊ नये. ते लहान असतं, पाकळ्या कमी असतात. रोपाचा डोळा खुंटावर भरून दोन वर्षं बघावं. बहुतेक रोपं सामान्य निघतील आणि ती टाकून द्यावी लागतील. मोठे संकरक लाखाच्या घरात रोपं वाढवून त्यातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी ठेवतात. आपल्या कसोट्या मात्र त्यांच्याहून वेगळ्या ठेवाव्यात : मे महिन्यात पान राखतो का, ऑगस्टच्या झडीत काळ्या ठिपक्यांनी नागडा होतो का, जड पाण्यावर हिरवा राहतो का, उन्हात वास टिकतो का. धावड्यात या चारही कसोट्या उतरलेला गुलाब नांदेडलाही जगेल आणि सोलापूरलाही.

वेगळेपण कधी कधी क्रॉसिंगशिवायही दारी येतं. लाल गुलाबाच्या झाडावर एखादीच फांदी गुलाबी किंवा पट्टेदार फुलं देऊ लागते. नजर नसली की ती ऑक्टोबरात छाटली जाते. अशा फांदीला आधी दोरा बांधा आणि तिचे डोळे भरा. जगातल्या कित्येक नामांकित जाती अशा एका फांदीतून आल्या आहेत.

नवी जात खरोखर चांगली निघाली, तर तिला आपलं नाव आणि कायद्याचं संरक्षण दोन्ही मिळू शकतं. २००१च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्यालाही आपला वाण नोंदवता येतो आणि शेतकऱ्याच्या वाणाला नोंदणी शुल्क माफ आहे. पुण्यात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं पुष्पसंशोधन संचालनालय आहे, आणि एम्प्रेस गार्डनमध्ये दर जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं; फूल घेऊन तिथवर जावं आणि जाणकारांना दाखवावं. नाव देताना गावाचं द्यावं, असं माझं मत. गुलाबांच्या याद्यांत दिल्ली आहे, मणिपूर आहे. जालन्याचं एक तरी गाव त्यात आलं तर मला मनापासून आनंद होईल.

यंदा डिसेंबरात बहर येईल तेव्हा दोन फुलं देवाला न वाहता क्रॉसिंगसाठी ठेवा, आणि प्लॉटवर जाणाऱ्या घरातल्या बाईकडे चिमटा द्या. हे काम तिला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं येतं. आणि पुढे जे रोप राखण्याजोगं ठरेल त्याचे डोळे, ते ठरेल त्याच हिवाळ्यात, निदान तीन घरांत द्या. एकाच कुंडीत राहिलेली जात एका कडक उन्हाळ्यात संपते.